लोकर आणि बिदागी

आश्विनातली कोजागिरी उलटली की आमच्या घरी दोन ठिकाणची बोलावणी येतात. एक सांबऱ्याहून, माझ्या मेहुण्याचे. दुसरे थेट अमेरिकेहून, माझ्या मामेबहिणीच्या मुलीचे. हे दुसरे बोलावणे अर्थातच नावापुरते असते. तिलाही ते ठाऊक आहे आणि आम्हालाही. ही मुलगी न्यूयॉर्क राज्यात राहते आणि फावल्या वेळात लोकरीचे विणकाम करते. दर ऑक्टोबरात तिकडे ऱ्हाइनबेक नावाच्या गावी मेंढ्यांची आणि लोकरीची मोठी जत्रा भरते, तिथे ती मैत्रिणींसह जाते आणि मग आठवडाभर आम्हाला फोनवर छायाचित्रे पाठवीत राहते. गेल्या आश्विनात तिने पाठविलेल्या एका चित्रात नुसती कातरलेली, न धुतलेली लोकर टेबलांवर मांडून ठेवलेली होती. प्रत्येक ढिगावर मेंढीच्या जातीचे आणि तिच्या मालकाचे नाव. आणि चष्मा लावलेले परीक्षक एकेक बट बोटांत धरून उजेडाकडे बघत होते. आपल्याकडे गायनस्पर्धेचे परीक्षक जितक्या गंभीरपणे बसतात, तितक्याच गंभीरपणे! खाली तिने लिहिले होते, "मामा, आपल्याकडे अशी लोकरीची जत्रा असते का हो?"

मी मागचापुढचा विचार न करता "नाही" असे कळवून मोकळा झालो. त्या वेळी आम्ही सांबऱ्यातच होतो. मेहुणा शेजारी चहा पीत बसला होता. त्याने ते वाचले आणि म्हणाला, "दाजी, नाही कसं म्हणता? कोडोलीची जत्रा मग काय कापसाची असते होय?"

मी ओशाळलो. पट्टणकोडोली सांगलीपासून काही फार लांब नाही. विठ्ठल-बिरदेवाच्या त्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर, खारीक-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण कलेची जत्रा म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक आणि उद्घाटक, अशी आमची सुशिक्षितांची समजूत पक्की होऊन बसलेली असते. जिथे उद्घाटक नाही ते आम्हाला दिसतच नाही.

दुसऱ्याच दिवशी जायचे ठरले. सौभाग्यवती, गाणे शिकणारी थोरली मुलगी, गाणे टाळणारा धाकटा मुलगा, मेहुणा आणि शहापूरचे माझे एक मित्र. वाटेत निपाणीला आमचे एक तबलजी स्नेही गाडीत चढणार होते. या शहापूरच्या मित्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढे जे घडले त्यात मला खाली मान घालावी लागली ती त्यांच्यापुढे. ते विणकराच्या घरातले. बेळगावला चिकटून असलेले शहापूर हे एके काळी आमच्या सांगली संस्थानचा भाग होते हे आज सांगलीतल्या तरुणांनाही सांगावे लागते. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगावाबरोबर शहापूरही म्हैसूर राज्यात गेले. त्यापूर्वी शहापूरचे विणकर आणि माझे घराणे एकाच दरबारचे आश्रित. माझे आजोबा आणि त्यांच्यामागे तंबोऱ्याला बसणारे माझे वडील सांगलीच्या दरबारात गात. संस्थान गेले तेव्हा वडील अठरा वर्षांचे होते. मी त्यांचे शेंडेफळ. आमच्या तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीसाठी जो धागा लागतो, तो वडील आईच्या जुन्या शहापुरी लुगड्याच्या काठातून उपसून काढीत. सुताचा धागा त्यांना चालत नसे. रेशमाने स्वर कसा उमलतो, हे ते आम्हाला डोळे मिटून ऐकायला लावीत. मिरजेचे तंबोरे साऱ्या देशात नावाजलेले. पण त्या भोपळ्याचा आणि तारांचा आवाज शेवटी एका बोटभर धाग्यावर उघडतो, हे गाणाऱ्यालाच ठाऊक.

निघण्यापूर्वी सकाळी मेहुणा आम्हाला शेतावर घेऊन गेला. सांबऱ्याला १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांच्या हवाई दलाने धावपट्टी बांधली. बेळगावचा विमानतळ तो हाच. एकीकडे विमान उतरते आणि दुसरीकडे, सोयाबीन निघालेल्या रिकाम्या रानात, मेंढरे बसविलेली असतात. शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसा मिळतो. हा व्यवहार धावपट्टीपेक्षा कितीतरी जुना आहे. चिकोडीकडून आलेल्या दोन बिऱ्हाडांचा वाडा मेहुण्याच्या रानात उतरला होता. मेंढ्या नुकत्याच कातरलेल्या होत्या. त्यांच्या अंगावर कात्रीच्या रेघा उठून दिसत होत्या, आणि बांधावर, बाभळीच्या बुडाशी, काळ्या-करड्या लोकरीचा गुडघाभर ढीग पडला होता.

मी म्हटले, "ही इथे का टाकली?"

म्हातारा मेंढका हसला. म्हणाला, "कोण घेतंय, सर? कातरणाऱ्याला मेंढीमागं पैसे मोजायचे, आणि लोकर बांधावर टाकायची. कातरली नाही तर उन्हाळ्यात जनावर हैराण होतंय, पावसात भिजून जड होतंय. म्हणून कातरायचं."

मेहुण्याने त्यातली पोतेभर उचलून नारळाच्या आळ्यात अंथरली होती. ओल टिकते, असे त्याचे म्हणणे. माझी मुलगी त्या ढिगाजवळ उकिडवी बसली आणि अमेरिकेच्या त्या चित्रातल्या परीक्षकासारखी एक बट उजेडात धरून पाहू लागली. ते पाहून म्हाताऱ्याने फेट्याचा शेव सोडला. आत मूठभर स्वच्छ, पांढरी-काळी, निवडलेली लोकर गुंडाळून ठेवलेली होती. "देवाला लागतीया तेवढी ठेवलीय," तो म्हणाला. तोही कोडोलीलाच निघाला होता.

हा एवढा प्रसंग डोक्यात घेऊन आम्ही गाडीत बसलो. हत्तरगी, संकेश्वर मागे पडले. निपाणीला तबलजी चढले आणि चढल्याबरोबर, गाडीत कोण आहे कोण नाही हे न पाहता, मांडीवर ठेका धरून बसले. कागलवरून आत वळलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांची रांग लागली होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कपाळाला भंडारा.

यात्रेचे वर्णन करण्याची माझी ताकद नाही. पिवळा रंग इतका असू शकतो हे मला ठाऊक नव्हते. माणसे पिवळी, देऊळ पिवळे, आभाळाचा खालचा हातभर भाग पिवळा. त्यातून मोठाल्या छत्र्या डुलत येतात. महाराष्ट्रातले धनगर, कर्नाटकातले कुरुबर, गोव्याकडचे, आंध्राकडचे. एकाच देवाला कोणी बिरदेव म्हणतो, कोणी बीरप्पा. आणि शेजारी विठ्ठल उभा. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा पायी चालत येतात, हातात तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक सांगतात: पाऊस कसा, पीक कसे, धारण कशी. त्या क्षणी हजारो माणसे अशी स्तब्ध होतात की आमच्या सभागृहांनी हेवा करावा. आणि मग उधळण होते. भंडाऱ्याचा लोट वर जातो आणि त्यातून लोकरीचे पुंजके हलके हलके, भंडारा खाली बसल्यावरसुद्धा कितीतरी वेळ, हवेत तरंगत राहतात. एक पुंजका माझ्या मुलाच्या केसांत अडकला. त्याने तो काढू दिला नाही.

लोकरच का, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला. मेंढपाळाच्या हातात दुसरे काय असते? शेतकरी कणीस वाहतो, तसा तो आपले पहिले उत्पन्न देवाला देतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ १९८४ साली निघाला. पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, हे त्यांनी त्यात सांगितले. आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आयुष्याची कित्येक वर्षे आपल्या धनगरवाड्यांवर हिंडून ओव्या जमविल्या. विठ्ठल-बिरप्पा या जोडदेवांचा विचार दोघांनीही केला. आपल्या अंगणातल्या ओव्या जमवायला जर्मनीहून माणूस यावा लागला, याबद्दल मी काही बोलत नाही. मीसुद्धा आजवर आलो नव्हतो.

गाण्याच्या माणसाने ढोलांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. शंभर ठिकाणी शंभर ढोल वाजत होते. प्रत्येक जथ्याची लय वेगळी. दोन जथे एकमेकांजवळ आले की क्षणभर गोंधळ होतो, मग कोणीही कोणाकडे न पाहता दोन्ही लयी एकमेकींत अशा मिसळतात की तिसरीच चाल ऐकू येते, आणि जथे दूर गेले की पुन्हा ज्याची त्याला. आमचे तबलजी बोटांवर मात्रा मोजीत होते, त्यांनी तो नाद सोडला आणि गजीच्या रिंगणाबाहेर उभे राहून नुसते बघू लागले. एका बाजूला ओव्या चालल्या होत्या. सुंबरानाने सुरुवात, एकजण कानावर हात ठेवून कथा ओढतो, मागचे झील धरतात. ती झील तंबोऱ्यासारखी. स्वर सोडीत नाही आणि पुढेही येत नाही. माझी मुलगी मला म्हणाली, "बाबा, यांना श्रुती लावायला काहीच लागत नाही?" मी म्हटले, लागते, शेजारचा माणूस लागतो.

आता घोंगड्यांच्या बाजाराकडे वळतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथे आहे.

देवळापासून थोडे अंतर ठेवून घोंगडी विकणारे बसले होते. त्यांत एक वृद्ध सणगर, अंगात पैरण, पुढ्यात सात-आठ घोंगड्या आणि एक जाड जेन. विकता विकता हातही चालू; शेजारी त्यांची बायको टकळीवर सूत काढीत होती आणि नातू एका लहानशा कमानीने लोकर पिंजत होता. त्या कमानीची तात वाजली आणि मी थांबलो. पिंजाऱ्याची कमान आपण सर्वांनी ऐकलेली आहे, निदान माझ्या वयाच्यांनी. पण तिचा स्वर मी कधी लावून पाहिला नव्हता. ही तात आतड्याची असते, सारंगीला लागते तीच. म्हणजे मेंढीच्याच आतड्याने मेंढीची लोकर मोकळी करावयाची आणि त्यातून हा असा घुमारा निघावयाचा! मुलीने खाली बसून हळूच षड्ज धरला. नातू लाजला, पण थांबला नाही.

शहापूरच्या मित्राने एक घोंगडी उलटीपालटी करून पाहिली. त्यांचा हात कापडावर फिरतो तेव्हा तो गवयाच्या कानासारखा फिरतो. त्यांनी आम्हाला दाखविले: रंग दिलेला नाही, मेंढीचा जो काळा तोच हा काळा. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली आहे, म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि चार धुण्यांनी मऊ येते. खड्डामागावर बसून, धोटा हाताने टाकून विणलेली. यंत्रावर हे सूत टिकत नाही; आखूड आणि जाड पडते. परदेशातल्या मेरिनो मेंढीचा तंतू आपल्या दख्खनी मेंढीच्या तंतूच्या निम्म्याने बारीक. स्वेटर, शाली, सुटाचे कापड सारे त्याचे. आपली लोकर अंगाला टोचते, म्हणून गिरणीला नको. पण हीच लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. पावसात रानात उभ्या राहणाऱ्याला दुसरे काय हवे?

मी किंमत विचारली. म्हातारबा म्हणाले, "अठ्ठावीसशे."

आणि मी घासाघीस केली. इथे मला काही लपवायचे नाही. मी दोन हजारांपासून सुरुवात केली. सौभाग्यवती मागून कोपराने खुणावीत होत्या. त्या मला थांबवीत होत्या की उत्तेजन देत होत्या याविषयी आमच्यात आजही मतभेद आहे. मी म्हटले, बेळगावात पाचशेला ब्लँकेट मिळते. मी म्हटले, एवढ्या लांबून आलो आहोत. बाविसशेवर सौदा तुटला. म्हातारबांनी घोंगडी घडी करून दिली, पैसे कपाळाला लावले आणि मग सहज, बोलण्यात काही नसल्यासारखे, विचारले, "गुरुजी म्हणत्यात तुम्हाला ही मंडळी. शाळेत?"

म्हटले, गाण्याचा शिक्षक आहे.

"मग बिदागी आधी ठरती का गाणं झाल्यावर?"

मी म्हणालो, आधी.

"आणि गाणं ऐकल्यावर कोण कमी करा म्हणतंय का?"

माझ्या तोंडून उत्तर गेले नाही. तबलजींनी मान फिरविली. म्हातारबांना टोचून बोलायचे नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो. त्यांना खरोखरच माहिती हवी होती. म्हणूनच ते अधिक लागले.

कारण असे म्हणणारे भेटतात. माझ्या वडिलांना भेटले होते. मी पाचवी-सहावीत असेन. एका बड्या घरच्या लग्नात वडिलांचे गाणे ठरले. एक्कावन्न रुपये बिदागी. दोन तास गाणे झाले, वाहवा झाली, आणि उठताना यजमानांनी पाकिटातून एकतीस काढून हातावर ठेवले. म्हणाले, "तुम्ही काय, घरचेच आहात." वडिलांनी ते घेतले. घरी येऊन त्यांनी आईला एवढेच सांगितले की, आज भैरवी चांगली झाली. दरबार होता तोवर दसऱ्याला शालजोडी मिळे आणि महिन्याला तनखा मिळे. दरबार गेल्यावर शाल मिळत राहिली, तनखा थांबला. आमच्या पेटीत चौदा शाली होत्या. रियाज मात्र काळ्या घोंगडीवर होई. जमिनीची ओल वर येत नाही आणि पहाटे चार तास बसले तरी पाय आखडत नाहीत, असे वडील म्हणत. ती घोंगडी त्यांच्यानंतर कसरीने गेली.

चहाच्या टपरीवर शहापूरच्या मित्राने हिशेब मांडला. त्यांनी मला दोष दिला नाही. विणकराच्या घरचा माणूस, त्यांनी नुसते आकडे सांगितले. अशा घोंगडीला आठ-दहा मेंढ्यांच्या एका कातरणीची लोकर. ती निवडायची, पिंजायची. सूत काढायला घरच्या बाईचे सात-आठ दिवस. ताणा लावणे, खळ देणे, वाळविणे यांचे दोन दिवस, विणायला एक. त्यात यात्रेला येण्याजाण्याचे भाडे. "आता सहाशे कमी केलेस ते कोणाच्या दिवसातले, ते तूच बघ," ते म्हणाले. शहापूरच्या साडीचे असेच झाले, हे त्यांनी बोलून दाखविले नाही. त्यांचे वडील मागावर बसत, ते स्वतः आता यंत्रमागांची दुरुस्ती करतात. जवळच्या सुळेभावीत यंत्रमाग खडखडतात त्यांतले कित्येक त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत.

कोणी म्हणेल, मागणी नाही तिथे किंमत कशी टिकणार? खरे आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, पण बांधावरचा ढीग मला समजतो. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच आणि झटपट वाढणारी. तिच्या अंगावर लोकर जेमतेम, पण बाजारात तिला भाव. मेंढपाळाने ती का पाळू नये? चराऊ राने गेली, रस्ते रुंद झाले, कळप घेऊन हिंडणे पूर्वीसारखे राहिले नाही. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट स्वस्त, हलके आणि रंगीत. या सर्व गोष्टी कोणाच्याही दुष्टपणाने झालेल्या नाहीत. पण यातून एक विचित्र स्थिती उत्पन्न झाली आहे: देवाला जी लोकर चालते ती माणसाला चालेनाशी झाली आहे. यात्रेत आपण तिला डोक्यावर घेतो, आणि यात्रेहून परतताना तीच लोकर विणणाऱ्याशी सहाशे रुपयांसाठी हुज्जत घालतो.

आणि यापुढचे लिहिताना मला आमच्या संगीतक्षेत्राकडेच बोट दाखविले पाहिजे. गेल्या काही वर्षांत लोककलांचे, हस्तकलांचे सत्कार पुष्कळ होतात, ते व्हावेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका सत्काराला मी व्यासपीठावर होतो. एका घोंगडी विणणाऱ्या कारागिराचा गौरव होता. त्याच्या खांद्यावर शाल घातली गेली. ती शाल ॲक्रिलिकची होती. हातात श्रीफळ, गळ्यात हार आणि अंगावर, ज्या मालाने त्याचा माग बंद पाडला, तो माल! आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही. त्या कारागिराने ती शाल दोन बोटांत धरून सहज चोळून पाहिली, एवढे मला दिसले होते. त्याचा अर्थ मला कोडोलीच्या चहाच्या टपरीवर लागला.

ऱ्हाइनबेकच्या जत्रेचे कौतुक मला तिथल्या थाटामाटासाठी वाटत नाही. तिथे माणसे तिकीट काढून जातात आणि न धुतलेली लोकर पैसे मोजून घरी नेतात. ती हौस असेल, पण त्या हौसेवर मेंढी उभी आहे. आमच्याकडे हौस नाही असे कोण म्हणेल? आमच्या या दोन-तीन जिल्ह्यांत, सांगली-मिरज-कोल्हापुरापासून बेळगाव-निपाणीपर्यंत, वर्षाकाठी किती संगीतसभा होतात, किती व्याख्यानमाला, किती साहित्यसंमेलने! खुद्द सांबऱ्यासारख्या गावात मराठी साहित्यसंमेलन भरते. प्रत्येक ठिकाणी शाली घातल्या जातात. पाहुण्यांच्या कपाटात त्या तशाच पडून राहतात, हे मी चौदा शालींच्या वारसाहक्काने सांगू शकतो. त्यांतल्या निम्म्या जागी घोंगडी दिली, विणणाऱ्याने सांगितलेल्या किमतीला दिली, आणि गायकाला बसायला गादीवर पांढऱ्या चादरीऐवजी जेन अंथरले, तर त्यात मान कमी होतो असे मला वाटत नाही. टोचते म्हणाल तर पांघरायची कोणी सक्ती करीत नाही. बसायला उत्तम आहे. सरकारने काय करावे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आणखी लिहिले जाईल. आमच्या समित्यांनी काय करावे, एवढेच माझ्या आवाक्यातले.

चहा संपल्यावर मी परत गेलो. म्हातारबांपुढे सहाशे रुपये ठेवले. त्यांनी ते हातही न लावता परत सरकविले. म्हणाले, "एकदा तोंडातनं गेला तो सौदा. आता घेतलं तर मी खोटा पडतो." मी पुष्कळ सांगून पाहिले. शेवटी त्यांची बायको टकळी न थांबविता म्हणाली, "पुढच्या साली या. तवा दुसरी घ्या आणि गप देऊन जावा." नातवाने मागच्या बाजूने कागदाच्या चिठोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला.

ती घोंगडी आता वर्गात अंथरलेली असते. पहिले आठ दिवस विद्यार्थिनींनी टोचते म्हणून तक्रार केली, नंतर कोणी काही बोलले नाही. झटकली की अजून थोडा भंडारा पडतो. अमेरिकेच्या भाचीला मी चूक दुरुस्त करून कळविले, आणि मुलाच्या केसांत अडकलेला तो पुंजका पाकिटात घालून पाठविला. तो पोहोचला की नाही, हे अद्याप कळलेले नाही. लोकरीसारखी वस्तू टपालाने पाठविण्याचे काही नियम असावेत.

आमच्या वार्षिक संगीतसभेच्या समितीपुढे मी शालींचा विषय मांडला. वाटले होते त्याहून कमी विरोध झाला. अध्यक्षांना कल्पना आवडली, चिटणीसांनी ती टिपून घेतली. खजिनदारांनी चष्मा पुसला आणि विचारले, "एकदम पंधरा घेतल्या, तर काही कमी करतील का?"

मी खिशातला चिठोरा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, तुम्हीच फोन करून विचारा.